हळदीचा ठोकळा लाल होताना

नववीला विसरण, म्हणजे पदार्थाचं दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरणं, शिकवताना बारा वर्षं मी एकच वाक्य फळ्यावर लिहीत आले: आकार वाढला की पृष्ठफळाचं घनफळाशी गुणोत्तर कमी होतं, म्हणून पेशी लहान असतात. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, गुण मिळायचे. यंदा आर्वी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "पण मॅडम, मोठ्याच्या अंगाले तर जास्तच जागा हाये न? मंग त्यात जास्त नाही का शिरन?"

तिचं खरंच होतं. 1 सेंमीच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौसेंमी, 3 सेंमीच्या घनाचं 54. मग अडतं कुठे? पृष्ठफळाला घनफळाने भागून येणारी गुणोत्तरं मला पाठ होती, लहानाचं 6 आणि मोठ्याचं 54 भागिले 27, म्हणजे 2. पण त्या आकड्यांमागे काय घडतं ते तिला दाखवता येईना. उद्या सांगते म्हटलं, आणि तो उद्या उजाडायला तीन आठवडे लागले.

लहानमोठ्या ठोकळ्यांत बाहेरचं काही किती आत शिरतं ते डोळ्यांनी दाखवायचं ठरवलं. ठोकळ्यांसाठी आधी जिलेटिन आणलं. मार्चमधलं आमच्याकडचं ऊन! दुपारपर्यंत ठोकळ्यांचं पाणी झालं. मग चायना ग्रास घेतलं. ते एकदा गोठलं की साधारण 85 अंशांपर्यंत वितळत नाही. अर्धा लिटर पाण्यात 10 ग्रॅम उकळलं आणि त्यात हळद घातली, कारण चुना लागला की हळद लाल होते. पहिल्या खेपेला हळद सगळी तळाशी बसली, म्हणून दुसऱ्यांदा फडक्यातून गाळून घेतली. पानठेल्यावरून चुना आणला, बादलीत कालवून ठेवला आणि वरची निवळी काढली. चुना डोळ्याला फार वाईट, म्हणून हे काम मुलांकडे दिलं नाही.

वर्गात फुटपट्टी लावून 1, 2 आणि 3 सेंमीचे ठोकळे कापले आणि निवळीत सोडले. पिवळ्याच्या कडा लाल होऊ लागल्या तशी पोरं ओरडली, "बाप्पा, कुंकू!" बरोबरच होतं. घरी हळदीचं कुंकू करायचे ते असंच, चुना घालून. अर्ध्या तासाने बाहेर काढून लगेच मधोमध कापले, कारण उशीर केला तर लाल रंग मळका होतो.

लहान ठोकळा आरपार लाल. दोनच्या पोटात सेंटीमीटरभर पिवळा चौकोन, तीनच्या पोटात दोन सेंटीमीटरचा. मुलांनी लाल पट्टी मोजली. तिन्हींत तीच, जवळपास 5 मिमी. मला बारा वर्षं न सापडलेली गोष्ट त्या पट्टीत होती. चुन्याला ठोकळा लहान की मोठा याच्याशी देणंघेणं नाही; तो सगळीकडून सारखाच आत सरकतो. मोठ्यात शिरलं जास्तच, पण भरायचं त्याहून कितीतरी जास्त होतं. 27 घनसेंमीतले 8 पिवळेच राहिले.

त्या मुलीचं तरीही समाधान होईना. तेव्हा दुसरा 3 सेंमीचा ठोकळा घेऊन त्याचे 1 सेंमीचे 27 तुकडे केले. ऐवज तेवढाच, पृष्ठफळ मात्र 54 चं 162 झालं. अर्ध्या तासात सगळे तुकडे लाल. ती काही बोलली नाही, वहीत आकडे मांडत बसली.

शिवाय अंतर दुप्पट झालं की विसरणाला वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. म्हणून मोठ्या जिवाला नुसतं थांबून भागत नाही. गांडूळ बारीक आणि लांब, ओल्या कातडीनेच श्वास घेतं; त्याचं निभतं. बैलाचं निभणार नाही. त्याला फुप्फुसात घड्यांवर घड्या लागतात आणि रक्ताच्या नळ्या पार आतल्या पेशींच्या शेजारी न्याव्या लागतात. माणसाची कातडी पसरली तर दोन चौरस मीटरही भरत नाही, फुप्फुसाच्या आतलं पृष्ठफळ मात्र सत्तरच्या आसपास, म्हणजे आमच्या दोन वर्गखोल्यांच्या फरशीएवढं. पृष्ठफळ वाढवायची हीच युक्ती म्हणून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, मुळं उपटून त्यांवरचे बारीक केस दाखवायचे होते, पण मार्चमध्ये शेतात नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उरलेल्या. ते आता पावसाळ्यात.

तास संपता संपता तीच मुलगी पुन्हा उठली. "मंग मॅडम, कोंबडीच्या अंड्याचा बलक एकच पेशी हाये म्हणता, तो एवढा मोठा कसा?"

या वेळी दुसऱ्याच दिवशी अंडं घेऊन गेले. ताटलीत हलक्या हाताने फोडलं. बलकातला बहुतेक भाग साठवलेलं अन्न. पेशीचं खरं कामकाज चालतं ते वरच्या एका लहानशा पांढरट ठिपक्यात. बलक फिरवून तो ठिपका वर आणला, तेव्हा ताटलीवर इतकी डोकी वाकली होती की मलाच तो दिसेना.