किती जण?

दारातल्या मुलीच्या हातात टॅबलेट होता. "किती जण, मॅम?"

"एक."

तिनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं, रस्त्यावर एक टॅक्सी वळत होती एवढंच. "फक्त एक?"

त्यातला 'फक्त' मला लागला. मग तिनं मला एका खांबाआड, बाथरूमच्या दाराजवळ बसवलं. निम्मी टेबलं रिकामी होती, पण ती दोघांची, चौघांची. जेवण चांगलं होतं, तेही सांगून टाकते. नाहीतर रुसून लिहितेय असं वाटायचं.

डिसेंबर आला की माझी भाची मला नव्या हॉटेलांची यादी पाठवते. मुंबईत थंडी म्हणजे रात्री पंखा एकवर. पण तेवढ्यावरही शहराला भूक लागते. लग्नं असतात, नाताळ असतो, अमेरिकेतून आलेले नातेवाईक असतात, आणि या सगळ्यांना कुठंतरी 'नवीन' ठिकाणी जायचं असतं. भाचीची यादी मी वाचते आणि फोनवर विचारते, "यातलं कुठलं हॉटेल बरंय गं?" ती म्हणते, "रेस्टॉरंट म्हण मावशी, हॉटेलात राहतात." आमच्या लालबागेत हॉटेलात खातात. राहतात ते लॉजमध्ये.

तिच्या याद्यांमध्ये सजावट असते, कॉकटेल असतं, फोटो कुठल्या कोपऱ्यात चांगले येतात तेही असतं. मला हवा तो रकाना मात्र नसतो: एकट्या माणसाला कुठं बसवतात?

हा प्रश्न माझा एकटीचा नाही, या शहराचा आहे. मुंबईतलं बाहेरचं खाणं उभं राहिलं तेच एकट्या माणसांवर. माझे आजोबा साताऱ्याकडून गिरणीत आले तेव्हा आजी गावीच होती. ते ज्या खाणावळीत जेवायचे ती म्हणजे चाळीतली एक खोली. दुसऱ्या एका कामगाराची बायको ती चालवायची. पाळी सुटली की पंगत बसायची, दहा-बारा जणांची. एक उठली की दुसरी. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. अशा हजारो बाया गिरणगाव जेवू घालत होत्या आणि सामान भरायला सावकाराकडून पैसे उचलत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली. आजोबांना त्या खोलीत कुणी 'किती जण' म्हणून विचारलं नाही. "भात वाढू का?" एवढंच विचारलं जायचं.

इराण्याकडं तर प्रश्नच नव्हता. संगमरवरी टेबल, भोवती चार खुर्च्या, आणि रिकामी दिसेल तिच्यावर बसायचं. समोरचा माणूस अनोळखी असला तरी त्याच्या पेपरचं मागचं पान आपण वाचायचं. क्यानी १९०४ पासून आहे. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. तिथला बेरी पुलाव मी एकटीनं अख्खा संपवलाय, आणि वेटरनं भुवईही उडवली नाही. बायकांसाठी मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळी सोय असायची. मी कॉलेजात असताना उडप्याकडं एकटी गेले की मालक गल्ल्यावरूनच ओरडायचा, "फॅमिली रूम!" मी आत जाऊन पडद्याआड एकटी बसायची. पुरुष एकटा गेला तर गिऱ्हाईक, बाई एकटी गेली तर फॅमिली.

आमचे शब्दच बघा ना. कटिंग, हाफ, सिंगल. राइस प्लेट तर एका माणसाचं एक पोट डोळ्यांपुढं ठेवूनच बेतलेली. दोन पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात, लोणचं, पापड. कुणाशी सल्लामसलत नको. आता नव्या ठिकाणी मेनू येतो तो छोट्या छोट्या बश्यांचा. आणि वेटर वाकून सांगतो, "हे शेअरिंगसाठी आहे, मॅम." कुणाशी करू? एक बशी घेतली तर पोट भरत नाही. तीन घेतल्या तर खिसा रिकामा, आणि चवी एकमेकींत मिसळून जातात.

एकटीनं जाण्याचे फायदेही आहेत, नाही असं नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी चौघांचं टेबल ठरवून दाखवा. एकीचा उपास, एकाला मासेच हवेत, एकाला कांदा-लसूण चालत नाही. मी गुरुवारी निवांत जाते. गर्दीही कमी असते.

आणखी एक नियम मी पाळते. उघडल्या उघडल्या जायचं नाही. पहिल्या महिन्यात सगळे फोटो काढणारे, स्वयंपाकघर घाबरलेलं, मालक प्रत्येक टेबलाशी उभा. तिसऱ्या महिन्यात जावं. तोवर मिठाचा हात बसलेला असतो आणि आचारी अजून दुसरीकडं पळालेला नसतो. कमला मिल्सच्या आवारात बॉम्बे कँटीन उघडलं २०१५ मध्ये. मी गेले तिसऱ्या महिन्यातच. दहा वर्षांत ते आता 'जुन्या' ठिकाणांत जमा झालं. मुंबईत हॉटेल लवकर म्हातारं होतं.

गेल्या दोन-तीन वर्षांतलं माझ्या वहीत टिकलेलं सांगायचं तर वांद्र्याचं वेरोनिकाज. पूर्वीच्या ज्यूड बेकरीच्या जागेत, सँडविच आणि कॉफी, एकट्याचं कुणाला काही वाटत नाही. बेन्ने हे वांद्र्यालाच. बेन्ने म्हणजे कानडीत लोणी, आणि डोशावर ते नावाला जागतं. जागा एवढीशी आणि रांग बाहेरपर्यंत, तिथं चौघांचा कंपूच अडचणीत येतो. आणि वेरोनिकाजच्या वर २०२४ साली सुरू झालेलं पापाज. सगळ्या मिळून जागा बारा, त्या काउंटरला, शेजारी कोण येईल ते नशीब. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे पंगतच की! किमतीत मात्र आजोबांच्या बारा पंगती उठल्या असत्या. तिथं मी अजून गेलेले नाही. जागा मिळवायला बोटं चपळ लागतात, माझी नाहीत.

त्या खांबाच्या ठिकाणी मी नियम मोडून आधीच गेले होते. परत गेले ती तिसऱ्या महिन्यात. या वेळी "एक" म्हटल्यावर लगेच "काउंटर चालेल?" असं म्हणाले. स्टुलावर चढताना गुडघा कुरकुरला, पण समोर तवा दिसत होता. शेजारी एक पंचविशीचा मुलगा, तोही एकटाच. त्यानं अख्खा रावस मागवला आणि वेटरनं तेच वाक्य टाकलं, शेअरिंगसाठी. मुलगा माझ्याकडं वळला. "काकू, अर्धा घेणार?"

घेतला. माझी पातोडीची आमटी मधे ठेवली, ती त्यानं निम्म्याहून जास्त संपवली. नाव त्यानं विचारलं नाही, मीही नाही. बिल एकच आलं. त्यानं मोबाइलवर पाच टक्के जीएसटीसकट हिशेब केला, मी पैसे पाठवले, तो स्क्रीनकडं बघत म्हणाला, "काकू, तीन रुपये कमी आलेत."

मी पर्स उघडून नाणी शोधायला लागले.