सातवं अक्षर

पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासताना मराठीच्या मास्तरला एकच रसग्रहण पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. 'यमक व अनुप्रास यांमुळे नादमाधुर्य प्राप्त झाले आहे.' अभंग कुठलाही असो, हे वाक्य ठरलेलं. क्लासच्या झेरॉक्स नोट्सची कृपा.

त्यात कळव्याच्या एका पोराचा पेपर आला. प्रश्न तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी'वर. त्याने लिहिलं होतं, हा मोठा अभंग, म्हणजे कडव्याला चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार; पण हा सहा-सहा-सहा-चारचा हिशेब सगळीकडे बसत नाही. आधी तपासणाऱ्या बाईंनी त्यावर लाल काट मारली होती.

मी मोजायला बसलो. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. 'सुंदर ते ध्यान' सहा, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनिया' चार. चोख. मग 'तुळसीहार गळा' सात. 'आवडे निरंतर' सात. 'तळपती श्रवणी' सात, 'कंठी कौस्तुभमणी' तेही सात. 'तुका म्हणे माझे'पासून पुन्हा चोख. पोराचं बरोबर होतं. गाताना एखादं अक्षर तालात मुरून जातं, हे कुठलाही टाळकरी सांगेल.

पण पोरगा तिथे थांबला नव्हता. त्याच्या मते देवाच्या अंगावर दागिने चढतात तिथेच अक्षरं वाढतात. नुसता देव आणि नुसता तुका असतो तिथे हिशेब पुरा. वाचून मी उडालोच. मात्र 'आवडे निरंतर'मध्ये दागिना कुठेय? तिथे मुद्दा लंगडतो. तरी सोडवत नाही. या अभंगात उपमा नाही, दृष्टांत नाही. तुकोबांच्याच 'राजस सुकुमार' या अभंगात विठ्ठलापुढे रवी-शशीच्या कळा लोपतात. इथे दिसतं ते सांगितलंय. साधी स्वभावोक्ती. वर्गात घसा कोरडा करून सांगितलं, ते याच्याच पेपरात सापडलं.

बाई म्हणाल्या, "सर, बोर्डाचा परीक्षक अक्षरं मोजत बसणार नाही. नमुना उत्तराशी ताडून बघेल." खरंय, आणि चीड त्याचीच येते. मी गुण दिले, पोराला बोलावून सांगितलं की आधी नियम लिही, मग सातवं अक्षर दाखव.

"आणि दागिन्यांचं, सर?"

"तेही लिही. पण 'आवडे निरंतर'चं काय ते आधी मला सांग."

बाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.