टोकियोत ओळखीवरच मिळणारी स्टेकची जागा: माझा अनुभव

टोकियोत कामानिमित्त राहायला आले आणि चांगल्या बीफचं वेड लागलं. जाणकारांना विचारलं की एक गोष्ट हमखास कानावर यायची: शहरातल्या काही उत्तम स्टेकहाउसमध्ये नुसते पैसे असून भागत नाही. बाहेर पाटी नसते, फोन नंबर कुठे छापलेला नसतो. जुन्या गिऱ्हाइकाने स्वतः नेलं तरच आत जाता येतं. क्योटोच्या गिओन भागातल्या ओचायांमध्ये, म्हणजे गेशांच्या मैफली होणाऱ्या चहाघरांमध्ये, ही रीत फार पूर्वीपासून आहे. तिथे त्याच रात्री पैसे मागत नाहीत, बिल मागाहून पाठवतात. त्यामुळे अनोळखी माणसाला कोण बसवून घेणार?

सुरुवातीला मला सगळी दुर्मीळ ठिकाणं एकाच जातीची वाटायची. तसं नाही. काहींचं बुकिंग फक्त अवघड असतं: ओमाकासे किंवा टेबलचेक या बुकिंगच्या साइटवर ठरलेल्या वेळी जागा खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. तिथे चिकाटी कामी येते. काही सदस्यांसाठीच असतात. वाग्यूमाफिया हे बीफचं ठिकाण त्यातलं गाजलेलं नाव. तिसरा प्रकार निव्वळ ओळखीचा, आणि मला तिथेच जायचं होतं. एका मोठ्या हॉटेलच्या कन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांची बुकिंग वगैरे करून देणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारून पाहिलं. त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितलं की अशा जागांसाठी हॉटेलची शिफारस चालत नाही, माणसाचीच लागते.

मग मी त्या दाराचा नाद काही काळ सोडला आणि घराजवळच्या एका साध्या याकिनिकूच्या, म्हणजे जाळीवर मांस भाजून खायच्या, दुकानात नेमाने जाऊ लागले. काउंटरवर बसायचं, मालक सांगतील ते खायचं. मी जे काही शिकले ते इथेच. आधी नुसतं मीठ लावलेली गायीची जीभ, मग कमी चरबीचे तुकडे, मग सॉसमधले. जाळीवर एका वेळी आपण खाणार तेवढंच ठेवायचं. मिसुजी हा खांद्याच्या पात्यावरचा तुकडा, मधोमध पानाच्या शिरेसारखी रेघ असलेला. अख्ख्या जनावरातून तो जेमतेम दोन-तीन किलो निघतो. मालक तो पातळ कापून द्यायचे आणि "एकदाच उलटा" एवढंच म्हणायचे.

जपानी बीफच्या प्रतीच्या ए5 या शिक्क्याचा अर्थही त्यांनीच समजावला. यातलं अक्षर चवीबद्दल काहीच सांगत नाही. एका जनावरातून विकण्याजोगं मांस किती निघतं, एवढंच ते सांगतं. आकडा मात्र मांसात पसरलेली चरबीची जाळी, रंग, घट्टपणा आणि चरबीची प्रत यांवरून ठरतो. जाळीची वेगळी मोजपट्टी 1 ते 12 अशी असते, आणि 8 पासून पुढचं सगळं 5 मध्येच जमा होतं. म्हणजे एकाच शिक्क्याच्या दोन तुकड्यांत केवढा तरी फरक असू शकतो. नुसतं ए5 वाचून भारावून जाणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी कधीमधी त्याच दुकानात येत. मी त्यांच्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. एका संध्याकाळी मालकांशी माझ्या गप्पा चालल्या होत्या, विषय बीफसाठी प्रसिद्ध असलेल्या मात्सुसाका भागातल्या गायींचा, म्हणजे न व्यालेल्या माद्यांचा. 900 दिवसांहून जास्त पोसलेल्या गायींना तिथे वेगळा मान आहे. ते सहकारी ऐकत होते. निघताना म्हणाले, "तुम्हाला एका ठिकाणी नेईन म्हणतो. पण तुम्ही तिथे जे काही कराल ते माझ्या नावावर जमा होईल, हे लक्षात असू द्या."

त्यांच्या या बोलण्यातच सगळी पद्धत आली. आठ-नऊ जागांचं काउंटर, आणि त्या रात्रीचं मांस येणाऱ्या माणसांचा हिशेब धरूनच आणलेलं. जनावराच्या मांसात फिले हा कमरेजवळचा मऊ तुकडा 3 टक्क्यांच्या आसपास, त्यातला मधला शातोब्रियां तर त्याहून थोडा. ऐन वेळी कुणी आलंच नाही तर ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही. म्हणून नवख्याची हमी आणणारा देतो. पाहुण्याने गोंधळ घातला तर पुढच्या वेळी आणणाऱ्याचीच जागा जाते.

तारीख मिळायला बरेच महिने लागले. दरम्यान त्यांनी एकेक सूचना दिल्या. अत्तर अजिबात नको, कारण मांसाचा आणि कोळशाचा वास हा जेवणाचाच भाग आहे. काही चालत नसेल तर आधीच कळवायचं. वेळेवर पोहोचायचं, लवकरही नाही. फोटो विचारूनच. रोख पैसे सोबत ठेवायचे. टिप देऊ नये, इथे ती रीत नाही.

एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, नाव नसलेल्या दारामागे, शेफनी आधी मांसाचा अखंड ठोकळा फळीवर ठेवून दाखवला. सोबत प्रमाणपत्र: गायीच्या नाकाचा ठसा आणि 10 अंकी क्रमांक. जपानात प्रत्येक गुराला असा क्रमांक असतो. 2001 मध्ये गुरांचा मॅड काऊ हा रोग आढळल्यानंतर 2003 मध्ये त्याचा कायदा झाला. परवानगी घेऊन तो क्रमांक मी फोनवर टाकून पाहिला. जन्मतारीख, जात, जन्मगाव कुठल्या प्रांतातलं, कुठून कुठे हलवली, कत्तल कधी झाली, सगळं समोर आलं. ह्योगो प्रांतात जन्मलेली, तिथेच वाढलेली ताजिमा या नावाजलेल्या वंशाची मादी. शेफ तिच्या शेतकऱ्याबद्दल बोलत होते आणि त्यांच्या आवाजात आदर होता.

ठोकळा बिंचोतान कोळशाच्या भट्टीत गेला, बाहेर आला, विसावला, पुन्हा गेला. असं कितीतरी वेळा. कोणी घाई केली नाही. कापल्यावर कडेला पातळ, कुरकुरीत करडी रेघ आणि आत काठापासून काठापर्यंत एकच गुलाबी रंग. ताटलीत रस सांडला नव्हता. वर फक्त मीठ. चावताना आधी मांसाची चव आली, चरबी मागाहून विरघळली, आणि जिभेवर तेलकटपणा राहिला नाही. याच्याइतकं नितळ बीफ मी कधीच खाल्लं नव्हतं.

बिल माणशी चाळीस हजार येनच्या पुढे गेलं. माझ्या पगाराला ते जड आहे. पण त्या मांसामागची मेहनत डोळ्यांनी पाहिल्यावर मला ते जास्त वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी सहकाऱ्यांचे आभार मानले, मग शेफना हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं. हा क्रम महत्त्वाचा असतो. पुढची भेटही सहकाऱ्यांच्याच सोबत झाली. त्यानंतर निघताना शेफनी वही उघडून माझ्या नावावर तारीख लिहिली आणि फोन नंबर दिला. तो कुणाला द्यायचा नाही, हे सांगावं लागलं नाही.

आता ओळखीचे लोक मला विचारतात, "आम्हाला नेशील का?" मी नाही म्हणत नाही. आधी घराजवळच्या त्या दुकानात माझ्यासोबत जेवायला बोलावते.