आत्याचं मृत्युपत्र बदललं, त्याची गोष्ट

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी आत्यानेच विषय काढला. तिच्या मृत्युपत्रात पुण्याचा फ्लॅट ‘माझे बंधू व धाकटी बहीण यांस निम्मा निम्मा’ असा होता. बंधू म्हणजे बाबा. त्यांचा हिस्सा आता आपोआप आम्हा भावंडांकडे येणार, असं ती धरून चालली होती.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “येणार नाही.” भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम १०५: ज्याला द्यायचं तोच आधी गेला, तर ते देणं रद्द. पोटच्या मुलानातवंडांच्या बाबतीत कलम १०९ हिस्सा वाचवतं, भावाच्या बाबतीत नाही. मग सगळं धाकट्या आत्याला? तेही नाही. नुसतं ‘दोघांना’ लिहिलं असतं तर कलम १०६ प्रमाणे मागे राहिलेलीला अख्खा फ्लॅट मिळाला असता. ‘निम्मा निम्मा’ म्हटलं की कलम १०७, हिस्से वेगळे. त्यात ‘उरलेली मिळकत अमक्याला’ असं वाक्यच कुठे नव्हतं. म्हणजे बाबांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्राबाहेर. आत्या विधवा, मूलबाळ नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो आधी नवऱ्याच्या वारसांकडे. फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलेला असला तरी!

“यांच्या पुतण्यांनी मला कधी फोन तरी केलाय का?” आत्या जी उखडली!

नवंच मृत्युपत्र करायचं ठरलं. त्या वेळी वकीलबाईंनी मला चक्क बाहेर बसवलं. ज्याला मिळणार तोच पुढेपुढे करत असला की उद्या कोर्टात संशय घेतात. मला ते पटलं. आत घातलेलं महत्त्वाचं वाक्य नंतर कळलं: लाभार्थी माझ्या आधी किंवा माझ्यानंतर तीस दिवसांच्या आत मरण पावल्यास त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना समान. तीस दिवस कशाला, तर अपघातासारख्या प्रसंगासाठी. दोघी एकदम गेल्या आणि आधी कोण हे कळलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २१ धाकटीला मागे राहिलेली मानतं. शिवाय उरलेल्या मिळकतीचं वाक्यही आलं.

दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला. नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्यूटीही लागत नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे गेलो. आत्याचा अंगठा यंत्र घेईना. ऑपरेटरने ओल्या रुमालाने पुसायला लावून तो दाबून धरला, तेव्हा उमटला.

सोसायटीत नॉमिनी अजून बाबाच होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण तो फॉर्मही त्याच आठवड्यात भरून दिला.