चौकटीला हात

परवा मेथी निवडून पाटावरून उठले आणि डोळ्यापुढे एकदम अंधारी. दोन-तीन सेकंदच असेल. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट हाताशी आली म्हणून पडले नाही, पण परात उपडी झाली, निवडलेली न निवडलेली सगळी मेथी एक. कोणी बघितलं नाही. सांगितलंही नाही कुणाला, उगाच फोनाफोनी सुरू होते.

पण नेमकी तीच चौकट. हे उठले की तिथेच धरून उभे राहायचे ना. आणि मी मागून, "आता काय मुहूर्त बघताय का?"

काल डॉक्टरांनी आडवं करून बीपी घेतलं, १३८/८२. मग उभं करून मिनिटभराने, ११४/७४. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने नाहीतर खालचा १० ने उतरला तर लक्ष द्यायचं म्हणे. "वयोमानाने होतं." गुडघा दुखला वयोमान, झोप नाही वयोमान, मग एवढं शिकले कशाला हे लोक!

खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायात नि पोटात उतरतं, मानेतल्या धमनीत ताण ओळखणाऱ्या नसा असतात त्या मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला पळवतो, रक्तवाहिन्या आवळतो, सगळं काही सेकंदांत. वय झालं की धमनी ताठ होते, नीट ताणलीच जात नाही, मग खबर कसली जाणार. आणि गंमत म्हणजे हुकूम कमी होत नाहीत, नॉरअ‍ॅड्रेनलिन, म्हणजे हृदयाला पळ म्हणून सांगणारं रसायन, उलट वाढलेलंच असतं, हृदयच पूर्वीसारखं ऐकत नाही. माझे ठोके ७२ चे जेमतेम ७६ झाले. म्हणजे एकीकडून आरडाओरडा आणि दुसरीकडे ढिम्म. आमचंच घर की हे, रिक्षात एकटीच हसत बसले.

मग हसू गेलं. ते खरंच थांबलेले असायचे. जेवणानंतर तर जास्तच, रक्त पोटाकडे वळतं म्हणून, आणि मला वाटायचं ताट उचलायचा कंटाळा. गेल्या दिवाळीत रंगाऱ्याकडून चौकटीवरचा तो तेलकट डाग मीच घासून घेतला. माझा हात त्याच्या वीतभर खाली पोचतो.

असो. आज पलंगाच्या काठावर बसून घोटे हलवले, तांब्याभर पाणी प्यायले, मग उठले. तोवर दूधवाला दोनदा बेल वाजवून पिशवी कडीला अडकवून गेला होता.