भोंग्यापासून रातकिड्यांपर्यंत

लातुरात आम्हाला अजून 'साउंडवाले' म्हणूनच ओळखतात. महिन्यातून दोन-चार जण येतातच, "बारशाला दोन बॉक्स अन् एक माइक लागतोय, काय घ्याल?" मी भाव सांगतो, कारण तो धंदा आम्ही सोडलेला नाही. पण गच्चीवरच्या खोलीत गेली काही वर्षं वेगळंच काम चालतं. लघुपट येतात, वेबमालिका येतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त खुनाच्या, पाठलागाच्या, नाहीतर बंद वाड्याच्या असतात. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा आणि तो फक्त आवाजाने लावायचा, हे आमचं काम.

सुरुवात वडिलांची. दोन भोंगे, आहुजाचा अँप्लिफायर आणि कॅसेटची एक पेटी. हळदीला त्यांचं ठरलेलं गाणं होतं, 'या डोळ्यांची दोन पाखरे'. ते 1964 च्या 'पाठलाग' या रहस्यपटातलं आहे हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे सस्पेन्सचं पार्श्वसंगीत आमच्या घराण्यात आधीपासून होतं, फक्त नवरा-नवरीला त्याचा पत्ता नव्हता.

2016 चा उन्हाळा आमच्या गावाला कुणी सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. ज्यांची लग्नं झाली ती घरातल्या घरात झाली, बाकीच्यांनी तारखा पुढं ढकलल्या. बॉक्स गोदामात धूळ खात पडले. त्या रिकामपणात कॉलेजात नाटक करणारा एक पोरगा आला. त्याने मोबाइलवर लघुपट केला होता आणि त्यातलं एकही वाक्य वाऱ्यामुळं ऐकू येत नव्हतं. "तुमच्याकडं माइक हायेत ना, परत रेकॉर्ड करून द्या," म्हणाला. माइक होते. खोली नव्हती. गच्चीवरच्या खोलीला आम्ही अंड्यांचे ट्रे चिकटवले, कारण सगळे चिकटवतात. त्याने बाहेरचा आवाज अडत नाही, पुठ्ठाच तो. शेवटी आईने ट्रंकेतल्या सात-आठ जुन्या वाकळा काढून दिल्या. त्या भिंतीपासून वीतभर सोडून टांगल्या तेव्हा खोलीतला घुमारा गेला. त्या अजून तिथंच आहेत.

त्या पोराच्या लघुपटातला मुख्य प्रसंग साधा होता. रात्री एकटा माणूस उसाच्या फडाच्या कडेनं घरी निघालाय आणि मागं कुणीतरी आहे. मी आयुष्यभर मोठा आवाज विकलेला माणूस. दर वीस सेकंदाला एक 'धडाम' टाकला, मध्ये व्हायोलिनच्या किंकाळ्या टाकल्या. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला, तर पाचव्या धडामला मागून कुणीतरी "आला रे!" म्हणून ओरडलं आणि सगळा हॉल हसला. पोराचं तोंड बघवत नव्हतं. पैसे परत केले आणि म्हटलं, महिनाभर दे, फुकट करून देतो.

त्या महिन्यात जे शिकलो त्यावरच दुकान चाललंय. दचकवणं वेगळं आणि धाकधूक लावणं वेगळं. दचकवायला भांडं पाडलं तरी पुरतं. धाकधुकीला वेळ लागतो आणि ती बघणाऱ्याच्या कानात आधीपासून जे आहे त्यावरच उभी राहते. आमच्याकडच्या कानात काय आहे? रातकिडे. भाऊ आणि मी तीन रात्री शेतात बसून ते रेकॉर्ड केले. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की आपण चालायला लागलो की जवळचे किडे गप्प होतात, लांबचे चालू राहतात. पावलांची थरथर त्यांना जमिनीतून कळते. प्रसंगातलं सगळं संगीत काढून टाकलं. नुसते रातकिडे ठेवले, आणि एका जागी फक्त उजव्या हाताचे, फडाच्या बाजूचे किडे हळूहळू बंद केले. पडद्यावर काहीच घडत नाही. माणूस चालतोय. मग पाचट एकदाच चुरचुरतं. त्याच हॉलमध्ये परत दाखवला तेव्हा कुणी ओरडलं नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. पंखा ऐकू येत होता.

एकदम सगळाच आवाज शून्य करायचा नाही, हेही तेव्हाच कळलं. शून्य केला की लोकांना वाटतं मशीन बिघडलं. म्हणून प्रत्येक ठिकाणी शूटिंग संपलं की आम्ही सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करून त्या जागेचा रिकामा आवाज घेतो. वाड्याचा वेगळा येतो, पत्र्याच्या शेडचा वेगळा. युनिटला तो मिनिट जड जातो, कुणीतरी हमखास खोकतं.

संगीत नकोच असं माझं म्हणणं नाही. हिचकॉकला 'सायको'तला न्हाणीघराचा प्रसंग बिनसंगीताचा हवा होता. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही नुसत्या तंतुवाद्यांवर तो तुकडा रचला, आणि ऐकल्यावर दिग्दर्शकानं मत बदललं. 1975 च्या 'जॉज'मध्ये यांत्रिक शार्क सारखा बंद पडायचा, तेव्हा जॉन विल्यम्सच्या दोन स्वरांनी पाण्याखालचा मासा उभा केला. ते दोन स्वर एकमेकांना चिकटलेले आहेत, आपल्या भाषेत सा आणि कोमल रे. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवर ते दोन्ही एकदम दाबून बघा, कान वाकडा होतो. आम्ही ती पेटी भाड्यानं आणतो. तिच्या दोन पट्ट्या एकमेकींशी किंचित बेसूर आहेत, त्यामुळं एकत्र वाजल्या की आवाजात आपोआप लहर येते, जणू कुणीतरी श्वास घेतंय. पेटीवाले बुवा दर वेळी म्हणतात, ट्यून करून घेतो. मी दर वेळी त्यांना अडवतो.

बाकीची हत्यारं घरचीच. हाड मोडल्याच्या आवाजाला वाळलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, पडणाऱ्या माणसाला ओली वाकळ, आणि झुडपात कुणी लपलंय हे दाखवायला काढणीला आलेलं सोयाबीन. वाऱ्यानं त्याच्या शेंगा खुळखुळतात तो आवाज कुठल्याही विकतच्या लायब्ररीत मला मिळालेला नाही.

एका बाहेरगावच्या निर्मात्याने सहा भाग करून घेतले आणि फोन उचलणं सोडलं. त्यावर जास्त लिहीत नाही. तेव्हापासून निम्मे पैसे आधी.

खरी अडचण मोबाइलची. भीतीचा खालचा आवाज, 40 हर्ट्झच्या आसपासचा गुरगुराट, थिएटरात छातीत बसतो. मोबाइलचा स्पीकर तो वाजवतच नाही, आणि आमचं निम्मं गिऱ्हाईक मोबाइलवरच बघतं. मग त्या 40 च्या पटीतले वरचे सूर, 120, 160, 200, 240, थोडे थोडे भरायचे. कान खालचा हरवलेला सूर स्वतःच लावून घेतो.

हा गुरगुराट मी जपून वापरतो. 1993 साली आम्ही औशाला राहायचो, मी सात वर्षांचा होतो. 29 सप्टेंबरला गणपती बुडवून वडील उशिरा आले, भोंगे अजून गाडीवरच होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली, पण मला आठवतो तो आधीचा आवाज. खालून कुणी अवजड ट्रक नेतंय असा. भूकंपाची पहिली लहर हलवते कमी आणि गुरगुरते जास्त, हे नंतर वाचलं. आमच्या भागात आजही कुठंतरी जमिनीतून गूढ आवाज आल्याची बातमी पेपरात येते आणि लोक अंगणात झोपतात. आवाज कुठून येतोय ते दिसत नाही, यातच सगळी भीती आहे. ती आम्हाला कुठल्या पुस्तकानं शिकवावी लागली नाही.

वडिलांच्या वेळेपासून जनरेटर सांभाळणारे मामा किल्लारीच्या बाजूचे. त्यांच्या घरातलं कोण कोण गेलं ते आम्ही विचारत नाही. मध्यंतरी एका मालिकेत बंद वाड्याच्या प्रसंगाला दिग्दर्शकाला "भूकंपासारखं काहीतरी" हवं होतं. मी खालचा सूर लांबवून लावला. मामा दारात चहा घेऊन आले होते. कप तसाच खाली ठेवला आणि म्हणाले, "ते काढ की बाबा तेवढं." आणि जिना उतरून गेले.

काढलं. दिग्दर्शकाला सांगितलं की मोबाइलवर तो ऐकू यायचा नाही, जे अर्धं खरं होतं. त्याजागी काय घालावं हे दोन दिवस सुचेना. तिसऱ्या दिवशी लाइट गेली आणि सुचलं. लाइट गेली की फ्रिजची घरघर थांबते, पंखा मंद होत होत थांबतो, गल्लीतल्या डीपीचं गुणगुणणं बंद होतं, आणि तोवर हे सगळं चालू होतं हे आपल्याला तेव्हा कळतं. प्रसंगाच्या सुरुवातीपासून ही घरघर बारीक ठेवली, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी. बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर आली की ती काढून घेतली. मागं फक्त वाड्याचा तो मिनिटभराचा रिकामा आवाज.

मामांना बोलावून बसवलं. त्यांना हेडफोन आवडत नाही, मोबाइलवरच दाखवलं. बाई मधल्या पायरीवर आली. मामांनी पडद्यावरची नजर काढून आमच्या जिन्याकडं बघितलं.

"खाली कोण आलंय?"

भाऊ बघून आला. बारशाचे दोन बॉक्स परत आले होते.