शेवटच्या माणसालाही पक्षी दिसला पाहिजे

पक्षीनिरीक्षण गटाची सहल फसते ती बहुतेक वेळा पक्षी कमी असल्यामुळे नाही. पक्षी असतात, पुढच्या चार जणांना दिसतात, आणि मागचे पोहोचेपर्यंत उडून गेलेले असतात. दोनदा असं झालं की नवखा माणूस पुन्हा फिरकत नाही. सहल ठरवताना एकच कसोटी लावावी: रांगेत सगळ्यात मागे असलेल्याला पक्षी नीट दिसेल का?

या कसोटीवर पहिली गोष्ट ठरते ती संख्या. अरुंद पायवाटेवर एका जाणकारामागे ८ ते १० माणसं, त्याहून जास्त नकोत. उघड्या तळ्याकाठी किंवा माळरानावर १५ पर्यंत चालतात, कारण तिथे सगळे एका ओळीत शेजारी शेजारी उभे राहू शकतात. नावं जास्त आली तर दोन गट करावेत आणि उलट दिशांनी सोडावेत. एकामागे एक सोडले तर दुसऱ्या गटाला पक्षी उडून गेलेली झाडीच मिळते. प्रत्येक गटात पुढे एक आणि मागे एक असे दोन जाणकार हवेत. मागचा माणूस अनेकदा जास्त पक्षी दाखवतो: गट पुढे सरकला की दबून बसलेले पक्षी हळूच बाहेर येतात.

जागा आधी पाहून यावी, आणि ज्या वेळी सहल असेल त्याच वेळी पाहावी. संध्याकाळी पाहिलेलं तळं सकाळी वेगळंच असतं. ऊन समोरून आलं तर पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळी सावली होतो आणि रंगावरून ओळखायचं सगळं शिकवणं वाया जातं. सकाळच्या सहलीत सूर्य पाठीशी राहील, म्हणजे तळ्याच्या पूर्व काठावरून पश्चिमेकडे पाहता येईल, असा रस्ता निवडावा. तेवढ्यासाठी अर्धा किलोमीटर जास्त चालावं लागलं तरी चालेल.

खाडीच्या चिखलपट्ट्याचं गणित निराळं आहे, आणि नेमकं तिथेच गट चुकतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. रविवारच्या सहलीसाठी आदल्या रविवारी त्याच वेळी जागा पाहिली, तर सात दिवसांत भरती जवळपास सहा तास सरकलेली असते. तुम्ही पाहिलेल्या भरतीच्या जागी सहलीच्या दिवशी ओहोटी असते, आणि सगळे चिखल्ये आणि तुतवार, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पक्षी, दूरवर ठिपक्यांसारखे दिसतात. अशा जागेची पाहणी साधारण १५ दिवस आधी करावी, तेव्हा भरतीची वेळ पुन्हा जवळपास तीच येते. शिवाय भरतीचं कोष्टक तपासावं ते वेगळंच. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागेवर पोहोचलं की चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू काठाकडे आणतं. आपण त्यांच्याकडे जायचं नाही, तेच आपल्याकडे येतात. पूर्ण भरतीला ते उंच जागी गर्दी करून विसावतात. त्या थव्यापासून लांबच राहावं. स्थलांतरापूर्वी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडायला लावलं की साठवलेलं सगळं तिथेच खर्च होतं.

जमल्यावर पहिली दहा मिनिटं दुर्बिणीसाठी ठेवावीत. नवख्यांपैकी बऱ्याच जणांची दुर्बीण जुळवलेलीच नसते. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ होऊ द्यायचं. मग उजवी बाजू हाताने झाकून, डाव्या डोळ्याने दूरची एखादी पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करायची. मग डावी बाजू झाकायची आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबायचे किंवा दुमडायचे, नसेल तर बाहेर काढायचे. पक्षी दुर्बिणीत सापडत नाही अशी तक्रार असेल तर बहुधा माणूस खाली दुर्बिणीकडे पाहतो आणि मग वर शोधतो. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. विकत घ्यायची असेल तर ८×४२ घ्यावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण दृश्याचा पट्टा लहान होतो आणि हाताची थरथरही मोठी दिसते. अंधूक प्रकाशातही ८×४२ उजवी ठरते, कारण तिच्यातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत सुमारे ५.२ मिलिमीटरचा असतो, १०×४२ चा ४.२.

पक्षी दाखवायची पद्धत सगळ्यांनी एकच ठेवावी. ‘तिकडे, त्या झाडावर’ याचा काही उपयोग नाही, आणि उंचावलेला हात पक्ष्याला उडवतो. आधी सगळ्यांना दिसणारी खूण सांगायची: विजेचा खांब, वाळका शेंडा. मग झाड म्हणजे घड्याळाची तबकडी समजून काटा सांगायचा: ‘खांबाच्या डावीकडचं दुसरं झाड, दोन वाजता, शेंड्यापासून हातभर खाली.’ सगळ्यांत शेवटी पक्ष्याचं नाव. नाव आधी सांगितलं की माणसं पुस्तक उघडतात आणि पक्षी हुकतो. स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका नळीची दुर्बीण) असेल तर तो सगळ्यांत कमी वर्धनावर लावून ठेवावा आणि प्रत्येकाने पहिल्या फेरीत पाच-सहा सेकंदच पाहावं. निवांत बघणं दुसऱ्या फेरीत. ट्रायपॉडची उंची गटातल्या बुटक्या माणसाला धरून ठेवावी. उंच माणूस वाकू शकतो. ऊन चढल्यावर स्कोपमध्ये तापलेली हवा लहरत दिसते. तेव्हा वर्धन वाढवून काहीच मिळत नाही.

चालण्याचा वेग तासाला एक किलोमीटर पुरे. खाडीची सहल सोडून निघायची वेळ सूर्योदयाची धरावी आणि तीन तासांत संपवावं. त्यानंतर पक्षीही कमी हलतात आणि माणसांचं लक्षही उडतं.

मोबाइलवरून आवाज वाजवून पक्षी बोलावणं गटाने सरळ बंद ठेवावं. हद्द सांभाळणारा नर खरोखरचा प्रतिस्पर्धी आला समजून चरणं आणि पिल्लं सोडून धावतो, आणि रोज नवा गट तेच करत असेल तर त्याचं नुकसान साचत जातं. चोचीत किडा धरून पक्षी नुसताच ओरडत फिरत असेल तर आपण घरट्याच्या वाटेत उभे आहोत. फोटोसाठीही थांबायचं नाही, लगेच मागे फिरायचं.

व्याख्यान आणि सहल यांची सांगड घातली तर दोन्हींचं मोल वाढतं. खाडीच्या सहलीआधीच्या आठवड्यात चाळीस मिनिटांचं व्याख्यान ठेवावं, तेही दहा-बाराच जातींवर. साठ जातींच्या स्लाइड्स कोणाच्या लक्षात राहत नाहीत. रंगाआधी वागणूक दाखवावी. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड, आणि भक्ष्य तो नजरेने शोधतो. तुतवार चालता चालता चोच चिखलात खुपसत राहतो, कारण त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. हा फरक छोट्या व्हिडिओवर एकदा पाहिलेला माणूस सहलीत खूप लांबच्या ठिपक्याचाही गट सांगतो. सभागृहाच्या स्पीकरवर आवाजाच्या फाइल्स आधी वाजवून पाहाव्यात. बारीक, उंच पट्टीतले आवाज साध्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत.

यादी एकाच माणसाने लिहावी आणि तिथेच लिहावी. घरी आल्यावर आठवून लिहिलेल्या यादीत दुर्मिळ पक्षी राहतात आणि कावळे गळतात. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढी जागा नजरेत धरायची आणि तशी किती जागा भरते ते पाहायचं. ‘पुष्कळ’ या नोंदीचा पुढे काहीही उपयोग होत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना गेलो त्याच वाटेने परत आलो असू तर अंतर एकाच बाजूचं टाकायचं, आणि एकाने केलेली यादी इतरांसोबत शेअर करायची. प्रत्येकाने वेगळी यादी टाकली की तोच थवा बारा वेळा मोजला जातो. आवाज ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेलं नाव कोणी पाहिल्या-ऐकल्याशिवाय यादीत घालू नये. भृंगराजासारखा इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करणारा पक्षी जवळ असेल तर ॲप सहज फसतं. यादी त्याच संध्याकाळी गटाला पाठवावी आणि ज्या दोन-तीन नोंदींवर शंका आहे त्यांच्यासमोर तसं लिहावं.